दक्षिणेचं ऊन, पानगळीची माती

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला हॉललगत टेरेस आहे, तोंड दक्षिणेला. घर बघायला आलेल्या नातेवाइकांपैकी काहींनी दिशा ऐकूनच नाक मुरडलं होतं. मला तिथे भाजी लावायची होती, आणि दक्षिणेचा टेरेस भाजीला चांगला की वाईट हे कुणी नीट सांगेना. नर्सरीत विचारलं तर "सहा तास ऊन पायजे ताई," एवढंच उत्तर. पण कुठल्या महिन्यातलं ऊन? टेरेसच्या कुठल्या भागातलं? म्हणून कुंड्या आणायच्या आधी मी मुलाच्या दप्तरातला खडू घेतला.

दर महिन्यात एका रविवारी सकाळी आठपासून दर दोन तासांनी उन्हाची कड जिथे असेल तिथे फरशीवर रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची आणि संध्याकाळी सगळ्याचा एक फोटो काढून ठेवायचा. फरशी पुसली की रेघा जातात, फोटो राहतो. मुलगा या कामात माझ्याहून जास्त रमला. वर्षभराचे फोटो ओळीने लावले तेव्हा आमच्या टेरेसचं पंचांगच हातात आलं.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे बराच खाली असतो, पुण्यातून पाहिलं तर क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. त्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅब डोक्यावर असूनही ऊन पार हॉलच्या दारापर्यंत आत येतं आणि सकाळी नवापासून चारपर्यंत मुक्काम ठोकतं. मार्चपासून उन्हाची कड कठड्याकडे सरकायला लागते. १३-१४ मेच्या सुमाराला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि जुलैच्या अखेरीला पुन्हा एकदा येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या टेरेसवर थेट ऊन जवळजवळ येतच नाही, आणि जूनपासून तर ढगच. ज्या दिवसांत सगळं पुणं उन्हाने हैराण असतं, त्याच दिवसांत माझ्या मिरचीला ऊन कमी पडतं.

हे कळल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं. आमचा खरा हंगाम ऑगस्ट ते मार्च. टोमॅटो, मिरची, वांगी या फळभाज्यांना थेट ऊन सहा तास तरी लागतं, तेव्हा त्यांची जागा आणि वेळ हिवाळ्यातली. पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. पुदिना, अळू, पानांचा ओवा यांना त्याहूनही कमी चालतं, ते उन्हाळ्यात टेरेस सांभाळतात. उत्तरेच्या गॅलरीचं गणित नेमकं उलटं: तिथे ऊन येतं ते मुख्यतः मे ते जुलैमध्ये, सकाळी आणि संध्याकाळी. बागेच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'जूनमध्ये हे लावा, ऑक्टोबरमध्ये ते लावा' अशी कोष्टकं असतात ती मोकळ्या शेताची. इमारतीत राहणाऱ्यानं आधी आपल्या भिंती कुठे आहेत ते बघावं, असं मला फार मनापासून वाटतं.

वजनाचा प्रश्न त्याच सुमाराला सोडवून टाकला. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी इमारतीच्या आराखड्यात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. ओल्या मातीने भरलेली वीस लिटरची एक बादली तीस किलोच्या आसपास जाते. अशा बादल्या दाटीवाटीने मांडल्या की हिशेब लगेच वर जातो. ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावून दाखवलं. त्यांनी सांगितलं, वजन भिंतीच्या आणि बीमच्या कडेकडेने ठेवा, मधला भाग मोकळा सोडा, आणि माती जितकी हलकी करता येईल तितकी करा. खालच्या मजल्यावरच्या काकांना गळतीची काळजी होती, ती रास्तच होती. सगळं लोखंडी स्टँडवर घेतलं, खाली ट्रे लावले, फरशी दिसत राहील आणि रोज पुसता येईल अशी. काका एकदा येऊन बघून गेले आणि जाताना कढीपत्ता घेऊन गेले.

हलकी माती मात्र विकत मिळत नव्हती. नर्सरीतला पोयटा कुंडीत दोन महिन्यांत घट्ट बसतो, वर भेगा पडतात, पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच. जमिनीत हे काम गांडुळं, मुळं, पडलेली पानं सतत करत असतात. कुंडीत ती सोय नसते. तेव्हा माती आपणच करायची, आणि तिचा कच्चा माल पुण्यात जानेवारी ते मार्च फुकट पडतो. सोसायटीत रेन ट्री आहे, गुलमोहर आहे, कोपऱ्यावर पिंपळ आहे. पानगळ सुरू झाली की झाडणाऱ्या मावशी सकाळी ढीग करतात, आणि तो ढीग पुढे कुठे तरी पेटवला जातो. त्या धुराने आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, दर वर्षी खोकला लागायचा.

मी मावशींना म्हटलं, "मावशी, हा पाला पेटवायच्या आधी मला पोत्यात भरून ठेवाल का?"

"पालाच न्यायचाय ना ताई? न्या की. पर प्लास्टिक तुमीच निवडा बाई."

निवडलं. गुटख्याच्या पुड्या, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं. पहिल्या पोत्याला तासभर गेला, मग हात बसला. आता मावशी झाडतानाच ते बाजूला काढतात, आणि पोती जिन्याखाली ठेवून मला हाक मारतात. दर हंगामाला टेरेसवरची पहिली मेथी त्यांच्या घरी जाते.

पाला-पाल्यांतही फरक आहे. रेन ट्री आणि गुलमोहर यांची पानं बारीक, लवकर कुजतात. पिंपळ आणि आंबा जाड, चिवट, त्यांना वेळ लागतो. ती पोत्यातच पायाने तुडवून चुरा करून घेतली की काम लवकर होतं. निलगिरीची पानं मी घेत नाही. उन्हाळ्यात कोपऱ्यावरची रसवंती सुरू झाली की उसाचं चिपाड मिळतं. ते चांगलं वाळवून, तुकडे करून कुंडीच्या तळाशी घालायचं. पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू खत होत जातं. उसाचा चोथा, पाला आणि स्वयंपाकघरातला कचरा यांवर शहरात भाजी पिकवायची ही वाट आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी, जे मूळचे गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवार या चळवळीतून शेतकऱ्यांना आणि घरच्या बागा करणाऱ्यांना हेच शिकवलं: ऊन पानांनी पकडायचं आणि काडीकचरा जमिनीला परत द्यायचा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२पासून तिथल्याच भाज्यांच्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. तिथे जमलं तर आपल्या टेरेसवर का नाही, हा धीर मला त्यातून आला.

खत करण्यासाठी मी भाजीवाल्यांकडचे जाळीदार प्लास्टिकचे क्रेट घेतले. त्यांना चारी बाजूंनी हवा लागते, आणि हवा लागली की वास येत नाही. आतून जुनी शेडनेटची जाळी. तळाला पाल्याचा जाडसर थर, त्यावर घरचा ओला कचरा, म्हणजे भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य, आणि लगेच त्यावर पुन्हा पाला. मापाने सांगायचं तर एक भाग ओलं, दोन ते तीन भाग कोरडं. कोरड्यात कार्बन जास्त, ओल्यात नायट्रोजन, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या पंचवीस-तीसपट कार्बन मिळाला की ते जोमाने कामाला लागतात. विरजण म्हणून आधीच्या खतातलं ओंजळभर, ते नसेल तर शेणाचा काला किंवा आंबट ताकात थोडा गूळ विरघळवून शिंपडायचा.

ओल किती हवी हे सांगून कळत नाही, हातानेच बघावं लागतं. मूठभर मिश्रण घट्ट दाबायचं. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा वरखाली करायचं. पहिल्या पंधरवड्यात क्रेटमध्ये हात घातला की आत चांगली ऊब लागते. त्या उबेचं मला अजूनही अप्रूप आहे. मधेच कधी चपट्या, मळकट पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. बघून दचकायला होतं, पण त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, ओला कचरा भराभर फस्त करतात, चावत नाहीत आणि झाडालाही काही करत नाहीत. दोन-तीन महिन्यांत क्रेट भरलेला असतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तयार खत चाळणीतून चाळलं की चहाच्या भुकटीसारखं काळं, सुटं पडतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. चाळणीवर राहिलेली पिंपळाची देठं पुढच्या क्रेटमध्ये.

कुंडी भरताना माझं प्रमाण असं: दोन भाग हे खत, एक भाग नारळाच्या शेंड्यांचा भुसा धुऊन घेतलेला, एक भाग साधी माती आणि मूठभर निंबोळी पेंड. भुसा धुवायचा कारण त्यात बऱ्याचदा खार असतो, आणि कोवळी मुळं खाराने जळतात. अशी भरलेली बादली ओली असतानाही नुसत्या मातीच्या बादलीच्या निम्म्या वजनाच्या आसपास भरते.

श्रावणात दुधीची बी लावली, पंचवीस लिटरच्या पिंपात. ऊन परत यायला लागलेलं असतं. वेल कठड्यावर चढला, भरपूर कळ्या आल्या, आणि बारकी दुधी बोटाएवढी होऊन पिवळी पडून गळायला लागली. खताची, पाण्याची काही कमतरता नव्हती. फुलं नीट पाहिली तेव्हा उलगडा झाला. दुधीला नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नराचा देठ लांब, सरळ. मादीच्या फुलाखाली जन्मतःच एक लवदार, पोपटी, इवलंसं फळ असतं. फुलं पांढरी, उमलतात दिवेलागणीला, आणि जमिनीवरच्या वेलाला परागकण पोचवायला संध्याकाळचे पतंग येतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर, आजूबाजूला दिव्यांचा झगमगाट, ते फारसे येत नाहीत. मग ते काम मी अंगावर घेतलं. देवाजवळ दिवा लावून झाला की टेरेसवर जायचं, एक ताजं नर फूल देठासकट खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या तीन फाकींच्या गोळ्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. एका नराने दोन-तीन माद्या होतात. जमलं असेल तर दोन-चार दिवसांत ते पोपटी फळ मान खाली घालायला लागतं आणि फुगतं. गळण्याचं प्रमाण तिथेच थांबलं. आमच्या घरातला मुलगा, जो दुधीच्या वाऱ्याला उभा राहत नसे, त्याने स्वतः परागीभवन केलेल्या दुधीची कोशिंबीर मात्र ताटात घेतली.

टोमॅटोचं तसं नाही. त्याच्या एकाच फुलात दोन्ही असतं, फक्त ते हलावं लागतं. सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या झुबक्याच्या देठावर टिचकी मारली की झालं. पण दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं की टिचक्या मारूनही फुलं गळतात. आमच्या डिसेंबरच्या उन्हाची गंमत इथे कळते: ऊन भरपूर, उष्णता बेताची. ते टोमॅटोला मानवतं.

पालेभाजीची वेळ मी घटस्थापनेला बांधली आहे. घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात त्याच दिवशी टेरेसवर मेथी आणि कोथिंबीर. धने अख्खे पेरायचे नाहीत, पोळपाटावर वाटीने रगडून दोन डाळिंब्या करायच्या, रात्रभर भिजवायचे. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस सहज घेते, तोवर माती ओलसर ठेवावी लागते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मान वर काढते. तिची मुळं उथळ, चार-पाच इंच मातीवर भागतं, फळांचे पसरट क्रेटही चालतात. पालक आणि लाल माठ कापून घेतला की पुन्हा फुटतो.

वालाने मात्र मला वेळेची खरी जाण दिली. गावरान वालाची बी जूनमध्ये लावली, वेल दिवाळीपर्यंत नुसता पानांनी भरत गेला, फूल नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वांझोटा निघाला गं, काढून टाक." तो ठेवला कारण माहीत होतं, जुने वाल रात्र मोठी व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. दिवस लहान झाले, जांभळे तुरे आले, आणि संक्रांतीच्या भोगीच्या भाजीत घरच्या शेंगा पडल्या. सुधारलेल्या बुटक्या वाणांना दिवसाच्या लांबीचं एवढं सोयरसुतक नसतं, पण चवीला मला गावरानच आवडतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी बियाणी घरात मडक्यांत राखेत घालून जपली, २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वेलावरच्या सगळ्यात चांगल्या शेंगा न तोडता वाळू द्यायच्या, ही सवय मी त्यांच्याबद्दल वाचून लावून घेतली. माझ्याकडचं बी आता टेरेसच्या सवयीचं झालंय.

किडींबद्दल थोडं. वालाच्या शेंड्यावर काळा मावा येतोच. पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढायचा, आणि लगेच काही फवारायची घाई करायची नाही, कारण मागोमाग ढालकिडे येतात आणि त्यांची पिल्लं मावा खातात. पिठ्या ढेकूण जास्त चिवट. त्याला कापसाच्या बोळ्याने पुसून काढून मग निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, संध्याकाळी फवारायचा. मिरचीची पानं आकसून वाटीसारखी झाली की तो चुरडा-मुरडा. सुरुवातीलाच शेंडे खुडून टाकले तर झाड वाचतं, उशीर झाला तर झाडच काढलेलं बरं.

कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळ्यांना मात्र आमच्याकडे अभय आहे. आधी त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, काळ्यापांढऱ्या, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. नंतर हिरव्यागार होतात, डोक्यापाशी खोटे डोळे. बोट लावलं तर मानेतून लाल, दोन टोकांचं शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. एक फांदी त्यांनी फस्त केली तरी कढीपत्ता पुन्हा फुटतो, आणि मग एक दिवस कोष रिकामा दिसतो. आई रोज सकाळी चष्मा लावून मोजायला जातात. ताक घुसळलेल्या भांड्याचं धुवण कढीपत्त्यालाच घालायचं हा त्यांचा नेम. झाड जोमात आहे, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

घरातल्या कुंड्यांची जबाबदारी मुलाची. मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली. त्याला एकच गोष्ट सांगितली आहे, बोट दोन पेरं मातीत घाल, कोरडं लागलं तरच पाणी. स्नेक प्लांटला हिवाळ्यात पंधरा-पंधरा दिवस लागत नाही. सावलीतली झाडं तहानेपेक्षा पाण्याने जास्त दगावतात.

या सगळ्यातून घर चालतं का, असं लोक विचारतात. कांदे-बटाटे, कोबी-फ्लॉवर टेरेसवर लावण्यात मला अर्थ वाटत नाही. जागा खूप अडते आणि बाजारात ते बरे मिळतात. पण कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, हिरवी मिरची आणि हिवाळाभर आठवड्यातून दोन पालेभाज्या एवढं आमच्या टेरेसवरून येतं. चिरायच्या दहा मिनिटं आधी खुडलेली मेथी कढईत पडली की तिचा वास जिन्यापर्यंत जातो. आणि ओल्या कचऱ्याची बादली बाहेर जाणं जवळपास बंद झालं.

मार्च संपला की क्रेट रिकामे करते. मुळं झटकून, माती प्लास्टिकवर पसरून आठ दिवस कठड्यालगतच्या उन्हात तापवायची, मग नव्या खतात निम्मी मिसळायची. जिथे टोमॅटो-मिरची होती तिथे पुढच्या खेपेला वाल किंवा मेथी, म्हणजे माती थोडी सावरते.

परवा समोरच्या इमारतीतल्या एक ताई आल्या होत्या. त्यांची गॅलरी उत्तरेची, अरुंद, आणि टोमॅटो लावायची हौस. मी त्यांना म्हटलं, टोमॅटोला तिथे ऊन पुरणार नाही, वडीचं अळू लावा मोठ्या टबात, तांदूळ धुतलेलं पाणी त्यालाच घाला, शेजारी पुदिना आणि गवती चहा. मेमध्ये सकाळचं ऊन यायला लागलं की एका कुंडीत मिरची करून बघा. अळूचा एक कंद आणि खताची अर्धी पिशवी त्या घेऊन गेल्या. जाताना खडूही मागितला.